कुंपणावरचा अठरा नंबर

काकू सांगलीहून लेकाकडे सहा महिन्यांसाठी आल्या की आमच्या मागच्या कुंपणाला जीव येतो. पुरुषभर उंचीचं लाकडी फळ्यांचं कुंपण. त्यातली एक फळी २०१७च्या वादळात निखळली, ती काकूंनी पुन्हा बसवू दिली नाही. त्या फटीतून वाटी येते, वाटी जाते. दुधीचा वेल त्यांच्या बाजूनं चढतो आणि दुधी आमच्या बाजूला लोंबतात, त्यावरून आमच्यात तंटा नाही. तंटा आहे कॉलनीच्या समितीशी, आणि तो कपड्यांवरून. दोरी बांधून कपडे वाळवायला इथं फ्लोरिडात कायद्यानंच मुभा आहे, पण कुंपण म्हणजे दोरी नव्हे, असं समितीचं म्हणणं. एवढं फुकटचं ऊन पडलेलं असताना कपडे यंत्रात भाजून काढणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी ढिलं आहे, असं काकूंचं म्हणणं. समितीचं पत्र आलं की काकू ते दुधीच्या आळ्यात घालतात.

परवा दुपारी कुंपणावर एक काळा सदरा आला. पाठीवर ठसठशीत १८.

“काय गं, हा कोहलीचा ना अठरा?” फटीतून आवाज. “लेकाच्या कपाटात तळाशी दडपलेला सापडला. कुबट वास मारत होता. पण कोहली काळा कधी घालायला लागला?”

म्हटलं, काकू, आकडा कोहलीचा असला तरी हा अठरा ओरलँडोचा. तुमच्या लेकानं २०१७ साली घेतला असणार. त्या साली ह्या भागात ज्याच्या त्याच्या अंगात हाच होता. शकीम ग्रिफिन, आपल्या इथल्या युनिव्हर्सिटीचा लाइनबॅकर.

“लाइनबॅकर म्हणजे काय?”

काकू पस्तीस वर्षं शाळेत पीटीच्या बाई होत्या. कबड्डीच्या मुलींना घेऊन एसटीनं जिल्हा पालथा घातलेला. खेळातलं अर्धंमुर्धं सांगून त्यांच्यापुढं निभत नाही, म्हणून मी गॅस बंद करून आले आणि नीट बसले.

म्हटलं, हा फुटबॉल म्हणजे बहुतेक वेळ हातानं खेळायचा फुटबॉल. एका बाजूला अकरा. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार डाव मिळतात आणि तेवढ्यात दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. सरकले की पुन्हा चार डाव.

“यार्ड म्हणजे वार. म्हणजे नऊवारीहून एक वार जास्त. एवढ्याला चार डाव लागतात?”

लागतात, कारण समोरचे अकरा तुम्हाला वीतभर उलगडू देत नाहीत. त्यातली पहिली फळी म्हणजे नुसते हत्ती, सव्वाशे-दीडशे किलोचे. ते समोरच्या हत्तींना भिडतात. त्यांच्या मागं दुसऱ्या फळीत जो उभा राहतो तो लाइनबॅकर. चेंडू घेऊन पळणारा फटीतून निसटला तर त्याला आडवा करायचा, लांब पास पडणार वाटलं तर मागं धावायचं, आणि संधी दिसली तर कडेनं घुसून क्वार्टरबॅकलाच लोळवायचं. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा मेंदू. चेंडू सुटायच्या आत तो लोळला की त्याला सॅक म्हणतात, आणि मग मैदानात जो आवाज होतो तो इथं स्वयंपाकघरात ऐकू येतो.

“म्हणजे आमचा कोपरा,” काकू म्हणाल्या. “चढाईवाल्याला आत येऊ द्यायचं की पाय धरायचा, हे ज्याला पापणी लवायच्या आत कळतं तो.”

“तोच. आणि ह्या पोराला डावा हात नाही.”

काकूंच्या हातात कपड्याचा चिमटा होता, तो उघडाच राहिला. “नाही म्हणजे?”

“मनगटापुढं नाही.”

“मग पकड कशी करतो?”

अरेरे नाही, बिचारा नाही. पहिला प्रश्न पकडीचा. मला काकू आवडतात त्या ह्यासाठीच. पण पकडीचं मी मागं ठेवलं. म्हटलं, आधी घरचं ऐका. काकूंनी फटीशी स्टूल ओढलं.

इथून गाडीनं दोन तासांवर, टँपाच्या खाडीच्या पलीकडं सेंट पीटर्सबर्ग गाव आहे. तिथं २० जुलै १९९५ ला टँजी आणि टेरी ग्रिफिन ह्यांना जुळे मुलगे झाले. आधी शकील, त्याच्यामागून एका मिनिटानं शकीम.

“शकील? बदायुनींचा शकील?”

उच्चार जवळजवळ तोच, नाव मात्र इथलं. तर हे दोघे पोटात असतानाच घोळ झालेला. गर्भाभोवती जो पातळ पडदा असतो ना, त्याचा एखादा दोरा कधी कधी सुटतो आणि बाळाच्या बोटाला, मनगटाला गुंडाळला जातो. मग तिथं रक्त नीट पोचत नाही, वाढ खुंटते. दोघांपैकी धाकट्याच्या डाव्या हाताला तो दोरा गुंडाळला. हात आला, पण बोटं धड झाली नाहीत.

“आमच्याकडे म्हणाले असते, ग्रहणात भाजी चिरली,” काकू म्हणाल्या. “आणि सासूनं मरेपर्यंत ऐकवलं असतं.”

सासूचं मला माहीत नाही, काकू. पण ती अर्धवट बोटं नुसती बिनकामाची नव्हती, दुखायची. कशाला लागली की आग व्हायची. चार वर्षांचं पोर. एका रात्री ते उठलं आणि स्वयंपाकघरात गेलं. आई पोचली तेव्हा त्याच्या हातात सुरी. बोटं कापून टाकायला निघालेलं.

काकू बोलल्या नाहीत. पलीकडून फक्त वेलाच्या पानावरून नख फिरवल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी आईबापांनी दवाखाना गाठला आणि हात काढून टाकला. मला त्यात एक गोष्ट फार लागते, काकू. पोरानं जे ठरवलं होतं तेच डॉक्टरांनी केलं. आईबापांनी चार वर्षं जपून ठेवलेला तो हात त्याला नकोच होता.

“आई जपतेच,” काकू म्हणाल्या. थोड्या वेळानं, “बाप काय करतो?”

बंद पडलेल्या गाड्या ओढून नेतो. टोइंग. आणि हा बाप म्हणजे खटपट्या गृहस्थ. धाकट्याला वजन उचलायचं तर डाव्या बाजूला दांडा धरणार कशानं? ह्यानं लाकडाचा ठोकळा घेतला, त्याला वरून गुंडाळून मऊ केला. डाव्या मनगटावर तो ठेवला की दांडा दोन्हीकडं एका उंचीवर येतो. घरात त्याचं नाव पडलं पुस्तक. ओढायच्या व्यायामाला पट्टे आणि साखळ्या. अंगणात चेंडू फेकायचा तो दोघांना सारख्याच जोरानं. धाकटा म्हणून, हात नाही म्हणून, हळू नाही.

“मऊ गुंडाळायचं आणि फेकायचं मात्र जोरात,” काकूंनी शेरा मारला. “ह्याला ट्रेनिंग कोणी दिलं होतं?”

कोणी नाही. ह्या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस हा बाप आहे, त्यामुळं मी त्याच्याबद्दल जरा जास्तच बोलते. वर्तमानपत्रांनी पुढं मुलाच्या जिद्दीवर रकाने भरले. पण तो लाकडी ठोकळा बघा ना. सुतारकाम करताना बापाच्या डोक्यात काय चाललं असेल? मुलगा मोठा होऊन टीव्हीवर येईल हे तर नक्कीच नसणार. दांडा तिरका होतोय, तो सरळ करायचा, एवढंच असणार.

मग पोरं आठ वर्षांची झाली आणि पोरांच्या लीगमध्ये खेळायला लागली. तिथं एकदा समोरच्या संघाच्या कोचनं आडवं घातलं. हा खेळ दोन हातवाल्यांचा आहे, ह्याला खेळवू नका. आठ वर्षांच्या पोरासमोर, बरं का.

मला वाटलं काकू आता त्या कोचची सालटी काढतील. त्या स्टुलावरून उठल्या, सदरा उलटा करून पुन्हा वाळत घातला, चिमटे लावले.

“माझ्याकडे एक मुलगी होती,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “पायाला पोलिओ. डोळा असा होता तिचा, की चढाई कुठं जाणार ते माझ्याआधी सांगायची. मी तिला तीन वर्षं गुण मांडायला बसवली. पाटी आणि खडू. स्पर्धेला न्यायचे, शिऱ्याची बशी तिलाही मिळायची. मला वाटायचं, बघा मी हिला सामावून घेतलं.”

मी म्हटलं, काकू, तेव्हा नियम...

“नियम मी विचारले होते का कुणाला? तू पुढं सांग.”

पुढं सांगितलं. सेंट पीटर्सबर्गमध्येच लेकवूड हायस्कूल. दोघे भाऊ फुटबॉलमध्ये चमकले, शर्यतींत पळाले. थोरला बचावाच्या शेवटच्या फळीत, पास अडवणारा. आता इथली पद्धत तुम्हाला ठाऊक नसेल. इथं कॉलेजं खेळाडूंना शोधत हायस्कुलात येतात. फी माफ, राहणं-जेवण माफ, फक्त आमच्याकडून खेळा. थोरल्याकडे कॉलेजं यायला लागली. धाकट्याकडे बघून मान हलवायची आणि थोरल्याला पत्र द्यायची. थोरल्यानं काय करावं? त्यानं सांगून टाकलं, दोघे घेत असाल तर येतो.

“लग्नात घालतात तसली अट,” काकू खुलल्या. “दोघी बहिणी एकाच घरात द्यायच्या. आमच्या आत्यांचं असंच झालं. एकीला घर मानवलं, दुसरीला नाही.”

इथंही तसंच झालं बघा! दोघांना पत्र दिलं ते आपल्या ह्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडानं, यूसीएफनं. ही काही नावाजलेली फुटबॉलची पंढरी नव्हे. १९६३ साली स्थापन झाली ती पलीकडच्या किनाऱ्यावरच्या अवकाश केंद्राला इंजिनिअर हवेत म्हणून. माझी लेक तिथंच शिकली. तर २०१३ साली दोघे भाऊ तिथं दाखल झाले. थोरल्याला पहिल्याच वर्षी मैदान मिळालं. आणि वर्ष कसलं! बारा जिंकले, एक हरले, आणि त्या बारातला शेवटचा फिएस्टा बोल, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना; त्यात बेलरला ५२-४२ असं लोळवलं. धाकट्याला मिळाला रेडशर्ट.

“लाल सदरा?”

म्हणायचं लाल, दिसायचं काही नाही. तेव्हा कॉलेजात चार हंगाम खेळता यायचं. एखादं वर्ष सरावाला यायचं, सामन्याला उतरायचं नाही, तर ते वर्ष मोजायचे नाहीत, मागं शिल्लक राहायचं. चांगल्याचांगल्यांना द्यायचे. फक्त ह्याच्या बाबतीत ते वर्ष संपलं तरी काही सुरू झालं नाही. २०१४ असंच गेलं. २०१५ असंच गेलं. भाऊ मैदानात, हा बाजूला. सरावात उद्याच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायला जी राखीव पोरं उभी करतात, त्यात हा.

आणि एका उन्हाळ्यात तर त्याला कॉलेजात थांबूच दिलं नाही. थोरला इथं राहून सराव करतोय, धाकटा सेंट पीटर्सबर्गला परत, बापाच्या गाडीवर. फ्लोरिडातला उन्हाळा, डांबर तापलेलं, आणि हा एका हातानं साखळी लावून लोकांच्या बंद गाड्या ओढतोय. जन्मापासून पहिल्यांदा दोघे वेगळे. थोरल्यानं तेव्हा काय ऐकून घेतलं असेल ह्याचा विचार मी पुष्कळदा करते. अट त्यानंच घातली होती ना! भावाला सोबत आणलं ते बाकावर बसवायला, असं त्याला रात्री वाटत असणार. हे माझं आपलं.

“बाकावरचा रडत नाही,” काकू म्हणाल्या. “खेळणारा रडतो. मी पाहिलंय.”

तेवढ्यात आकाश गुरगुरलं. जुलैत इथं रोज दुपारी तीन-साडेतीनला हे होतंच. काकूंनी वर बघितलं, सदऱ्याकडे बघितलं, आणि कोण उठतंय म्हणून बसून राहिल्या.

म्हटलं, आता घसरगुंडी ऐका. २०१३ ला बारा जिंकणारा हा संघ २०१५ ला बाराच्या बारा हरला. एक नाही, दोन नाही, बारा. ज्यांनी ह्या दोघांना घेतलं ते जॉर्ज ओ’लिअरी, म्हातारे, कडक कोच, ते हंगामाच्या मधेच पायउतार झाले. गावात तोंड दाखवायची चोरी. यूसीएफचं स्टिकर लावलेल्या गाड्या लोक गॅरेजात लावत होते, असं आमचे हे म्हणतात. ह्यांची अतिशयोक्ती तुम्हाला माहीतच आहे.

डिसेंबरात नवा कोच आला. स्कॉट फ्रॉस्ट, चाळिशीचा, नेब्रास्काचा. त्याची आई माहितेय का कोण? कॅरल फ्रॉस्ट. १९६८ च्या ऑलिंपिकला अमेरिकेकडून थाळीफेकीला होती.

“थाळीफेक!” काकू एकदम ताठ. थाळीफेकीत त्या विद्यापीठाच्या संघात होत्या, हे मला चौथ्यांदा ऐकावं लागलं आणि मी ऐकलं. “मग पोराला खेळ कळणारच. आईच्या पायाखालचं वर्तुळ बघत मोठं झालेलं.”

कळला. फ्रॉस्टनं फार मोठं काही केलं नाही, काकू. हे पोर इतके दिवस शेवटच्या फळीत उभं करत होते. फ्रॉस्टच्या मंडळींनी त्याला उचलून पुढं आणलं, लाइनबॅकर केलं. वेग होताच, धडक होतीच. कडेनं सोडला. बस्स.

“जागा बदलली.”

“जागा बदलली.”

“अगं, अर्धी कोचगिरी तेवढीच असते. बाकी शिट्टी.”

२०१६ चा हंगाम. साडेअकरा सॅक्स, आणि टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला आडवं पाडणं, ते ब्याण्णव. साडेअकरा कसे म्हणाल, तर दोघांनी मिळून लोळवला की दोघांना अर्धा अर्धा. इथला हिशेब चोख. आधीच्या तीन वर्षांत ज्याला धड कोणी मैदान दाखवलं नव्हतं, तो त्यांच्या अख्ख्या अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. भाऊ अजून सोबत होता. एक हंगाम दोघे खऱ्या अर्थानं एकत्र खेळले, त्यांनी आठव्या-दहाव्या वर्षी जे ठरवलं असेल तसे.

मग थोरल्याची चार वर्षं संपली. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सनी त्याला तिसऱ्या फेरीत उचलला. ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलच्या लिलावासारखं, फक्त बोली नसते, पाळी असते. थोरला देशाच्या पार वायव्य टोकाला गेला. आणि धाकट्याचं ते पहिलं वर्ष आठवतंय ना, न मोजलेलं? ते इथं मागं शिल्लक होतं. एकट्यानं खेळायला.

“बघ,” काकू म्हणाल्या. त्यापुढं काही म्हणाल्या नाहीत.

ते वर्ष मी डोळ्यांनी बघितलंय. लेक शेवटच्या वर्षाला होती, ओढून न्यायची. ते मैदान लोखंडी आहे, काकू. एक ठरलेलं गाणं लागलं की पंचेचाळीस हजारांतले निम्मे जागेवर उड्या मारतात आणि अख्खा स्टँड खरोखर खालीवर होतो. म्हणून त्याला बाउन्स हाउस म्हणतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी पर्समधला हनुमान चाचपला होता. सप्टेंबरात इर्मा वादळ आलं, तुमची ही फळी त्याच वादळातली. एक सामना पुढं ढकलला, एक रद्दच झाला, कारण मैदानात मदतीला आलेले नॅशनल गार्डचे जवान उतरले होते. आणि मग जिंकायला लागले ते थांबेचनात. नोव्हेंबरात टँपाच्या साउथ फ्लोरिडाशी सामना. म्हणजे ह्या पोराच्या माहेरच्या खाडीकाठचा संघ. ४९-४२. शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी झाली, आणि पुढच्याच चेंडूवर आमचा माइक ह्यूज पंच्याण्णव यार्ड पळाला. आमच्या ह्यांनी शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. त्यावर घरी जे झालं ते वेगळं.

“पुढं?”

पुढं कॉन्फरन्सचा अंतिम सामना, मेम्फिसशी, ६२-५५, दोनदा जादा वेळ. त्याच दिवशी कळलं, फ्रॉस्ट चालला. नेब्रास्कानं, त्याच्या माहेरानं, बोलावणं धाडलं. पण एक सामना राहिला होता, तो खेळवून जाईन म्हणाला. जानेवारीची पहिली तारीख, २०१८, अटलांटा, पीच बोल. समोर ऑबर्न. ऑबर्न म्हणजे कोण? त्याच हंगामात ज्यांनी जॉर्जियाला हरवलं, अलाबामालाही हरवलं, ते. आणि हे लक्षात ठेवा, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना झाला तो ह्याच जॉर्जिया आणि अलाबामामध्ये.

आमच्या अठरानं त्या दिवशी बारा टॅकल केले, दीड सॅक. बचावातला सामन्याचा मानकरी तोच. ३४-२७. हंगाम संपला, तेरापैकी तेरा. देशात दुसरा कुणी अपराजित राहिलाच नाही.

“मग ढाल ह्यांना!”

कुठली, काकू! तेव्हा अंतिम फेरीचे चार संघ एक समिती बसून निवडायची. तिनं आमचा बारावा नंबर लावला होता. लहान कॉन्फरन्स, कोण विचारतो.

“समिती,” काकू म्हणाल्या. त्या एका शब्दात कपडे, फळी, पत्रं सगळं होतं.

पण आमच्या लोकांनी काय केलं सांगू? जाहीर करून टाकलं, आम्हीच राष्ट्रीय विजेते. डिस्नी वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली. पोरं गाडीवर उभी, मिकी माउस पुढं. अंतिम सामना व्हायच्या आदल्या दिवशी, बरं का! बातमीवाले हसले. म्हणाले, स्वतःच वरात काढलीत, नवरी कुठाय? पण एका संगणकी क्रमवारीनं खरंच त्यांना पहिलं ठरवलं, आणि त्या आधारावर अधिकृत नोंदवहीत त्यांचं नाव विजेत्यांत लागलंही, अलाबामाच्या बरोबरीनं.

काकू फटीपलीकडं इतक्या हसल्या की स्टूल करकरलं. “डिस्नीत! समितीला सांगितलं पाहिजे, कुंपण म्हणजे दोरी असं मी जाहीर केलंय.”

आता फार राहिलं नाही. मार्चात इंडियानापोलिसला मोठ्या लीगवाले सगळ्या होतकरूंना बोलावून तपासतात, गुरांच्या बाजारात दात बघतात तसे. ह्याला आधी बोलावणंच नव्हतं, मग आलं. डाव्या हाताला कृत्रिम हात लावून शंभराच्या वर किलो, म्हणजे जवळजवळ स्वतःएवढं वजन, वीसदा उचललं. आणि चाळीस यार्ड पळाला ४.३८ सेकंदांत. त्या तपासणीत इतका वेगवान लाइनबॅकर त्याआधीच्या पंधरा वर्षांत झाला नव्हता.

काकू बोटं मोजत होत्या. “चाळीस वार म्हणजे साडेचार लुगडी. सेकंदाला एक लुगडं!”

आणि मग एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट. पहिली फेरी गेली, दुसरी, तिसरी, चौथी गेली. पाचव्या फेरीत, एकशे एकेचाळिसावं नाव. संघ कुठला, ओळखा.

“नको सांगूस,” काकू म्हणाल्या. “सिअ‍ॅटल.”

सिअ‍ॅटल. थोरला आधीच तिथं बसलेला.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग फटीतून हात आला, ओल्या कपड्यांनी सुरकुतलेला. “पकडीचं राहिलं. दाखव तुझ्या फोनवर.”

मी पीच बोलची चित्रफीत शोधली. फोन फटीत आडवा धरला. ऑबर्नचा क्वार्टरबॅक मागं सरकतोय, अठरा नंबर कडेनं सुटतो, वळसा घेतो, समोर आलेल्या दांडग्याच्या हाताखालून खांदा घालतो, आणि क्वार्टरबॅक खाली.

“दिसलं?” मी विचारलं. “इथं हात—”

“हात कुठं बघतेस? पाय बघ. परत लाव.”

परत लावलं.

“तो समोरचा ह्याचा डावा हात झटकायला जातोय आणि त्याला पकडायला काही मिळतच नाहीये. आणि हा, हे बघ, थांबव! वळताना आतला पाय पूर्ण टेकलाय. टाच नाही, चवडा. अंग जमिनीशी कललंय तरी तोल गेला नाही. खांदा आधी पोचतो, हात नुसता मागून मिटतो. कवळ हातानं घालतातच कुठं? मुलींना मी हेच सांगून सांगून थकले.”

पहिला टपोरा थेंब फोनच्या काचेवर पडला, मग फळीवर दोन-चार, मग वेलावर सरसरून. दुधीची पानं वाजायला लागली. काळ्या सदऱ्यावर ठिपके उमटत होते.

“काकू, सदरा! भिजतोय!”

“भिजू दे. परत लाव.”